घाटकोपरचे बेचाळीस खण

चीन-जपानचा अभ्यास करणारी माणसं लांब जातात. माझ्याबरोबर एम. ए. झालेला एकजण पेकिंगला गेला. एक मैत्रीण क्योतोला गेली आणि तिथून देवळांचे रंगीत फोटो पाठवू लागली. मी घाटकोपरला गेले. नऊ दिवसांचा प्रवास, एक सुटकेस, दोन वह्या. परत येऊन तीन महिने झाले, तरी कुणी त्याबद्दल विचारलं की मी विषय बदलते. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. घाटकोपर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल, पण मी ज्या खोलीत जाऊन आले तिथे फारसं कुणी गेलेलं नाही.

माझा विषय थोडक्यात सांगते. बुद्धाचं बोलणं पालीत आहे तसं जुन्या चिनीतही आहे. पालीतल्या ‘अप्पमाद’ या शब्दाचं चिनी भाषांतरकारांनी कुठे काय केलं, एवढंच मी बघत होते. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणं. हा विषय मी निवडला, याचं हसू मला आता येतं, पण ते पुढे कळेल. पुण्याला आमच्या विभागात चिनी कोश एकच, त्याची सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली. मायक्रोफिल्म वाचायचं यंत्र होतं, पण त्याचा दिवा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि नव्या दिव्याचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून होता. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीची मुलाखत दिल्लीला डिसेंबरात होणार होती. तिथे नमुन्याचं एक प्रकरण दाखवायचं होतं आणि माझ्याकडे प्रकरण लिहिण्याइतका मालच नव्हता.

तेव्हा माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “क्योतोला जायचंय ना? मग आधी घाटकोपरला जा.” त्यांनी खणातून एक पोस्टकार्ड काढलं. सरांच्या एका लेखातली चूक कुणीतरी त्यात दाखवून दिली होती. चार ओळी, त्यात तीन चिनी अक्षरं, टाकाने काढावीत अशी रेखीव. खाली सही होती, भिकाजी साळवे, निवृत्त पोस्टमन.

रविवार, बोरिवली

मुक्काम मुलुंडला मावशीकडे. पहिल्या दिवशी मात्र मी बोरिवली गाठली, कारण तिथल्या एका शेठजींकडे ‘मोठा जपानी ग्रंथसंग्रह’ असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. शेठजी कोबेला मोत्यांच्या व्यापारात वीस वर्षं काढून आलेले. स्वागत फार प्रेमाने केलं. खाखरा दिला, बिनकानाच्या पेल्यात हिरवा चहा दिला आणि मग काचेचं कपाट उघडलं. मोत्यांच्या दरपत्रकांचे गठ्ठे, हॉटेलांची खाद्यपत्रं, शिवणयंत्राचं माहितीपुस्तक आणि आगगाडीचं एक जुनं वेळापत्रक. मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन मान हलवली.

निघताना त्यांनी दिवाणखान्यातल्या रेशमी पट्टीवरची अक्षरं वाचून दाखवायला सांगितली. तिच्यापुढे रोज उदबत्ती लागत होती. पट्टीवर लिहिलं होतं की हिवाळी कापडावर या आठवड्यात सवलत मिळेल.

“काय आहे, आशीर्वाद ना?” शेठजींनी विचारलं.

“व्यापाराच्या भरभराटीबद्दल आहे,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं. त्या दिवशी मावशीला हे सांगताना आम्ही दोघी पोट धरून हसलो. अडचणीची गोष्ट तोंडावर न सांगता निसटून जायची माझी ही हातोटी पुढे कुठे उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवार, घाटकोपर

घाटकोपरला डोंगराच्या अंगाने वस्ती चढत गेली आहे. पायथ्याशी एका इस्त्रीच्या दुकानात मी पत्ता विचारला. दुकानाचे मालक परबकाका मालवणकडचे, संपापर्यंत गिरणीत होते.

“चिनी वाचणारो पोस्टमन? तो वर रवता,” कोळशाची इस्त्री बाजूला ठेवत ते म्हणाले. “ह्या पायऱ्यांनी जा. पिठाची गिरण लागतली, मगे पिंपळ, मगे नळ. थयसून डावीकडे तिसरा बिऱ्हाड.”

पुण्यात पत्ता विचारला तर लोक आधी पेठ सांगतात, मग कुणाचा वाडा ते. इथे वाटेत काय लागेल ते सांगतात. वहीत मी हा फरक लिहूनसुद्धा घेतला होता. लिहून घेतला आणि विसरले.

साळवेबाबा दारातच बसले होते. पंचाहत्तरीचे, काटक, अंगात धुवट खाकी सदरा. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, डाव्याने अंधूक. त्यांची सून सुमन माझ्याच वयाची, बोलायला तडकफडक. तिचा नवरा विलास कुर्ल्याच्या कारखान्यात पाळीला जायचा. सुमनने माझ्या चपला उचलून आत कॉटखाली सरकवल्या.

“बाहेर ठेवल्या ना ताई, तर अनवाणी जाल पुण्याला,” ती म्हणाली.

भिंतीला लागून एक लाकडी मांडणी होती, पोस्टात टपाल वेगळं करायला असते तशी, सहा उभ्या आणि सात आडव्या रांगांची. बेचाळीस खण. प्रत्येक खणात कार्डांची थप्पी. कार्डं म्हणजे लग्नपत्रिकांच्या आणि कॅलेंडरांच्या पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे. प्रत्येकावर वर चिनी शब्द, त्याखाली पाली, आणि खाली बाबांनी स्वतः लावलेला मराठी अर्थ. अशी चार-साडेचार हजार. मी बघतच राहिले.

“कुठे शिकलात बाबा हे?”

“पलटणीत,” ते हसून म्हणाले. “लढाई संपल्यावर आमची पलटण जपानात नेली. मी तिथं टपाल वाटायचो. पाट्यांवरची चिनी अक्षरं वाचता येईनात, म्हणून एका देवळातल्या म्हाताऱ्या भिक्खूकडं जायला लागलो. दीड वरीस गेलो. त्याला वाटलं पोरगं ध्यानाला येतंय. मला पत्ते वाचायचे होते.”

परत आल्यावर त्यांना घाटकोपरच्या पोस्टात नोकरी लागली. पुढे धर्मांतर झालं आणि बुद्ध काय बोलला ते आपल्या डोळ्यांनी वाचावं असं त्यांच्या मनाने घेतलं. विहारातल्या एका भंतेंकडे ते पाली शिकले. जपानच्या त्या म्हाताऱ्याला त्यांनी पत्र घातलं, तर वर्षभराने बोटीने पाच पार्सलं आली. चिनी सूत्रांचे जाडजूड खंड.

“माझीच बीट होती ही,” बाबा म्हणाले. पोस्टमनच्या रोजच्या फेरीचा टापू म्हणजे त्याची बीट. “पाची पार्सलं मीच डोक्यावर घेऊन चढलो. मीच दार वाजवलं, मीच सही घेतली. बायको म्हणाली, येडा झाला.”

जेवायला ज्वारीची भाकरी, लाल ठेचा आणि सुकटीची चटणी होती. वारा देवनारकडून फिरला की क्षेपणभूमीचा वास यायचा आणि सुमन बोलता बोलता खिडकी लावून घ्यायची. जेवता जेवता कळलं की दुसऱ्याच दिवशी बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती होणार आहेत, आठवडाभर. माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला नसावा, पण आवाजावरून कळला असेल.

“तू ये गं रोज. वाच, हवं ते उतरून घे. सुमन आहे घरी.” मग म्हणाले, “फक्त काढलं तिथं परत ठेव.”

हे वाक्य मी जन्मभर प्रत्येक ग्रंथालयात ऐकत आले होते. मी हो म्हटलं.

मंगळवार ते शुक्रवार

पहिल्या सकाळी मी ‘अप्पमाद’ शोधायला बसले आणि तासाभरात वैतागले. कार्डांना कसलाच क्रम नव्हता. ‘करुणा’च्या शेजारी ‘गाडीचा आस’, त्याच्या शेजारी ‘मीठ’. एकाही कार्डावर खंड नाही, पान नाही. एक शब्द सापडला की तोच दहा खण सोडून पुन्हा सापडायचा, वेगळ्याच मराठी अर्थासह. ‘अप्पमाद’ची दुपारपर्यंत सात कार्डं मिळाली. एकावर ‘दावं सैल न सोडणं’. दुसऱ्यावर ‘दिव्यात तेल आहे का बघणं’. तिसऱ्यावर ‘जागल्याची झोप’. अर्थ एकापेक्षा एक सुंदर, कोशात न मिळणारे. मला मात्र वाटलं की म्हातारबाबांचा गोंधळ उडालाय. दरवेळी आधी काय लिहिलं ते विसरत असणार. प्रत्येक खणात पुढे एक निळ्या पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठीही होती. गिरणी, पिंपळ, नळ, शाळा, रॉकेलवाला. त्या पोस्टातल्या जुन्या चिठ्ठ्या तशाच राहून गेल्या असतील, असं मी ठरवून टाकलं.

मला त्यांची कीव आली. हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे. एका पोस्टमनने तीस वर्षं एवढे कष्ट केले, बिचाऱ्याला पद्धत शिकवणारं कुणी भेटलं नाही, असं माझ्या मनात आलं. आणि मी तर पद्धतीतच वाढलेली. सगळी कार्डं पाली शब्दांप्रमाणे अकारविल्हे लावून द्यायची, म्हणजे त्यांनाही उपयोग आणि मलाही माझ्या प्रकरणाचा माल चार दिवसांत हाताशी.

जमिनीवर चादर पसरून मी पहिला खण रिकामा केला, तेव्हा सुमन भांडी घासायची थांबली.

“ताई, बाबांना विचारलं का?”

“ते आले की बघतील ना. खूश होतील.”

“ते कुणाला हात लावू देत नाहीत हां त्याला. मला पण नाही. वरून फडकं मारते नुसतं.”

“म्हणूनच एवढा पसारा झालाय,” मी म्हटलं.

सुमनने उरलेली भांडी विसळली. थोड्या वेळाने पदराला हात पुसत येऊन बसली आणि ‘क’ची कार्डं वेचू लागली. सातवीपर्यंत शिकलेली, पण हात भराभर चालायचा. समोरच्या खोलीत नवा रंगीत टीव्ही आला होता. तो बघायला बोलावणी यायची, आम्ही जायचो नाही. सुमन सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात डबा देऊन यायची आणि आल्या आल्या विचारायची, “‘प’ संपला का?” असे चार दिवस. शुक्रवारी दुपारी शेवटचं कार्ड लागलं. प्रत्येक खणावर मी सुवाच्य अक्षरात नवी पट्टी चिकटवली, अ, आ, इ. जुन्या चिठ्ठ्यांना रबर लावून गठ्ठा बाजूला ठेवला. मांडणी अगदी एखाद्या परदेशी ग्रंथालयातल्यासारखी दिसू लागली.

त्या संध्याकाळी डबा विलासने नेला आणि मी सुमनला जुहूला घेऊन गेले. मुंबईत जन्म काढून तिने तीन वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. आम्ही भेळ खाल्ली, काला खट्टा गोळा खाल्ला, साड्या घोट्याच्या वर धरून पाण्यात उभ्या राहिलो. माझी एक चप्पल लाटेने नेली. सुमनने ती धावत जाऊन परत आणली.

“झकास काम केलं ना आपण?” ती म्हणाली.

“झकास,” मी म्हटलं. संपूर्ण प्रवासात मी सुखी होते ती तेवढी एक संध्याकाळ.

शनिवार, दवाखाना

शनिवारपासून बाहेरच्यांना भेटायची परवानगी होती. बाबा उताणे निजलेले, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दारातच सिस्टरने मला दम भरला, “हसवायचं नाही, रडवायचं नाही. डोळ्यात पाणी आलं तर टाके जातील.”

“कोण, पुण्याची पोरगी?” पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. “मिळाला का तुझा शब्द?”

“मिळाला बाबा. सात कार्डं मिळाली.”

“बरोबर, सातच. इथं पडल्या पडल्या मी रोज बीट करून येतो. आज सकाळीच केली.” आणि ते बोलत सुटले. पट्टीखाली चेहरा उजळला होता. “गिरणीपासून निघायचं. गिरणी म्हणजे पहिलं सूत्र. तिथली घरं म्हणजे त्यातले परिच्छेद, ते झाले की पिंपळ, ते दुसरं. नळापाशी बुद्ध शेतकऱ्याशी बोलतो, म्हणून तिथला अप्पमाद म्हणजे दावं. शाळेपाशी राजाशी बोलतो, तिथं दावं म्हणून कसं चालेल? तिथं वेगळा अर्थ. शब्द एकच, पण कुणाच्या दारात उभा आहे ते बघावं लागतं.”

माझ्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. सात अर्थ, सात दारं. गोंधळ कसलाच नव्हता. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं विद्यापीठात घासत होते, ती या माणसाने कधीच करून ठेवली होती, आणि कार्डाची जागा हाच तिचा पुरावा होता.

“बाबा, कार्डावर पान का नाही लिहिलंत?” मी विचारलं.

“पोस्टमन पाकिटावर रस्ता लिहितो का गं? थप्पी घरांच्या क्रमाने लावली की पाय आपोआप जातात. माझं कार्ड उचललं की मागचं-पुढचं बघायचं, पुस्तक त्याच जागी उघडतं.”

“आणि थप्पी हातातून पडली तर?”

“बत्तीस वर्षांत एकदा नाही पडली,” बाबा अभिमानाने म्हणाले.

सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पाणी येता कामा नये, असं ती बजावून गेली होती, त्याचा आधार घेऊन मी गप्प बसले. खरं सांगायचं तर तो नियम नसता तरी मी गप्पच बसले असते. मोसंबं सोलून मी त्यांना एकेक फोड भरवली. “गोड आहे,” ते म्हणाले.

रविवार आणि सोमवार

खोलीवर येऊन सुमनला सांगितलं. “वाट लागली,” ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही प्रयत्न केला. शाईच्या रंगावरून, पुठ्ठ्याच्या कापावरून काही जुळतं का बघितलं. एकाच लग्नपत्रिकेचे तुकडे शेजारी लावून पाहिले. पार्सलातला पहिला खंड काढून मी वाचायला लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकरा कार्डांच्या जागा लागल्या, त्यातल्या चारांबद्दल खात्री नव्हती. एकेक शब्द त्या पानांत पन्नास ठिकाणी येतो. बाबांना कुठला अभिप्रेत होता, ते त्या क्रमालाच ठाऊक होतं, आणि तो क्रम मी चादरीवर ओतला होता.

मंगळवारी बाबा घरी येणार होते. माझी दिल्लीची मुलाखत गुरुवारी होती. सोमवारी संध्याकाळची गाडी धरली नसती तरी मंगळवार संध्याकाळची मिळाली असती, तिकीट बदलायला स्टेशनावर एक चक्कर मारावी लागली असती. मी ती मारली नाही. चार पानी चिठ्ठी लिहिली, झालेलं सगळं लिहिलं, क्षमा मागितली आणि सुमनपुढे धरली.

“पट्टी सुटली की वाचून दाखवशील?”

“मी नाही वाचणार,” सुमन म्हणाली. “तुम्ही केलंय ना, तुम्ही तोंडाने सांगा. चिठ्ठी काय देता?”

“मुलाखत आहे गं.”

“एक दिवस थांबायला काय होतं? मी पण होतेच ना वेचायला. मी तर इथेच राहणार आहे. मी कुठे जाऊ?”

मी चिठ्ठी ‘अ’च्या खणात ठेवली. रबर लावलेला निळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर बघवेना, म्हणून तो सुटकेसमध्ये टाकला. सुमनने कॉटखालून माझ्या चपला काढून दारात ठेवल्या आणि आत निघून गेली. पायऱ्या उतरताना नळ लागला, पिंपळ लागला, गिरणी लागली. परबकाकांनी इस्त्रीवरून हात हलवला.

दिल्लीला तिघांच्या समितीने विचारलं, इथे संशोधनाची साधनं नसताना तुम्ही काम कसं केलंत? मी म्हणाले, मुंबईच्या एका उपनगरात एक खाजगी शब्दसंग्रह अव्यवस्थित पडलेला होता, तो मी नऊ दिवसांत वर्णानुक्रमे लावला. अव्यवस्थित हा शब्द मी वापरला. एक सदस्य पुढे झुकून म्हणाले, असेच कष्टाळू लोक तिकडे पाठवायला हवेत. गाडीत लिहून काढलेलं सात अर्थांचं प्रकरण त्यांना आवडलं. फेब्रुवारीत पत्र आलं, शिष्यवृत्ती मंजूर. घरी पेढे वाटले.

पुणे

पेढ्यांच्या आधीच, जानेवारीच्या अखेरीस बाबांचं पहिलं पोस्टकार्ड आलं होतं. अक्षरं टपोरी, ओळी सरळ.

“चि. मंजिरीस सप्रेम जयभीम. चष्मा आला. तुझी चिठ्ठी पहिल्या खणात मिळाली, टपाल बरोबर पोचलं. अक्षर सुरेख आहे. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही, हे खरं ते सांगतो. सुमनला काही बोललो नाही, तूही मनाला लावून घेऊ नकोस. साहेब बदलला की बीट बदलते, तसं झालं म्हणायचं. पुन्हा गिरणीपासून निघालो आहे. तू म्हणतेस तसं आता प्रत्येकावर खंड आणि पान घालतो. आज सात घरं सापडली.”

मी लगेच उत्तर लिहिलं. निळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, रजिस्टरने पाठवते, असं कळवलं. त्यांनी लिहिलं, “असू देत तुझ्याकडे. मला पाठ आहेत.”

मग दर आठवड्याला पोस्टकार्ड. सतरा सापडली. नऊ सापडली. डॉक्टरांनी दिवसाला एकच तास वाचायची परवानगी दिली आहे. दुसऱ्या डोळ्याला हात लावू नये म्हणतात. सुमन आता चिनी आकडे ओळखते, पान काढून देते. मी इकडे हिशेब मांडते आणि सोडून देते, कारण तो त्यांच्या वयात बसत नाही. आम्ही दोघं असतो, एकाने खंड वाचायचा आणि एकाने कार्ड शोधायचं, तर दीड-दोन वर्षांत होण्यासारखं काम होतं. त्यांनी मला ये म्हणून कधीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी गेले असते, असं मी स्वतःला सांगते आणि ते मला पटत नाही.

शेवटचं कार्ड या महिन्यात आलं. त्याच्या ओळी उजवीकडे खाली घसरल्या आहेत आणि दोन ओळी एकमेकींवर चढल्या आहेत.

“तुझा शब्द सापडला. नळापाशी दावं, तिसऱ्या बिऱ्हाडात, म्हणजे तिसऱ्या परिच्छेदात. खंड दुसरा, पान खाली देतो आहे, प्रबंधात घाल. दिव्यातलं तेल कुठलं ते अजून कळत नाही, शोधतो. सुमन विचारत होती, ताई कधी येणार. मी तिला म्हटलं, ताईची बीट आता लांबची आहे.”

पान मी प्रबंधात घातलं आहे. माझं विमान पंधरा दिवसांनी आहे आणि सुटकेस भरून झाली आहे, निळ्या चिठ्ठ्या तिच्याच तळाशी आहेत. कार्ड येऊन अकरा दिवस झाले. उत्तरासाठी कोरं पोस्टकार्ड टेबलावर काढून ठेवलंय. त्यावर बाबांचा पत्ता तेवढा लिहून झालाय.